बेचाळिसाव्या दिवसाची भेट

"चाची, खीर ठेवलीय का न्हाई माझ्या वाटणीची?" असं ओरडतच मी मुलाण्यांच्या अंगणात शिरले. खांद्याला वजनकाट्याची झोळी, पिशवीत हातानं शिवलेलं टोपडं. लेकराचा सातवा दिवस होता. त्यांच्यात सातव्या दिवशी जावळ काढतात, नाव ठेवतात, हे मला सहा वर्षं त्या गल्लीतून फिरून ठाऊक झालेलं. म्हटलं, आज चार पाहुणे असतील, वजनही होईल आणि खीरही होईल.

दारात जैबूनचाची आली. तिनं माझा दंड धरला आणि दुसरा हात माझ्या तोंडावर ठेवला.

"हळू बोल गं वैजू. काल सांजचं गेलं लेकरू. सकाळी माती दिली."

मी गावची आशा. म्हणजे गरोदर बायका, बाळंतिणी, त्यांची लेकरं, सगळ्यांच्या घरी जाऊन विचारपूस करायची, नोंद ठेवायची, हे माझं काम. मूल जन्मलं की सहा भेटी ठरलेल्या असतात: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. दोन दिवस मी तालुक्याला ट्रेनिंगला होते. एस. टी.तून उतरले ती तशीच इकडं आले, आणि वाटेत कुणी चकार शब्द बोललं नाही. मोठं माणूस गेलं असतं तर स्टँडवरच कळलं असतं. सहा दिवसांच्या लेकरासाठी कोण थांबून सांगतंय?

"आत जाऊ नकोस," चाची म्हणाली. "तुझा काटा बघितला तर ती..."

पण ती बघत होतीच. उंबऱ्याच्या सरळ रेषेत खाट होती आणि खाटेवर चाचीची सून आफरीन बसलेली. एकवीस वर्षांची पोरगी, पहिलटकरीण. आई लहानपणीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही माहेरी नेलं नव्हतं. तिची नजर माझ्या खांद्यावरच्या झोळीवर होती. कुडता पुढून भिजलेला. दूध येत होतं आणि प्यायला कुणी नव्हतं. आई गं! मी झोळी काढून पाठीमागं धरली, एखादी चोरीची वस्तू धरावी तशी.

तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मला तिसरा दिवस आठवला आणि मी खाली बघायला लागले.

घरात दोन-चार बायका होत्या. त्यांच्या आळीतली एक म्हणाली, "फूल होतं, जन्नतीत गेलं. आईबापासाठी दार उघडून उभं राहील." आमच्या कुंभारवाड्यातली पारूकाकी तांब्याभर दूध घेऊन आली होती, तीही म्हणाली, "देवाला आवडलं बघ. कोवळी हायेस, वर्षात दुसरं हुईल." दूध ठेवून ती निघालीसुद्धा. कुणी वाईट नव्हतं हो. पण बसायचं किती, बोलायचं काय, कुणालाच कळत नव्हतं. आमच्यातही दात न आलेल्या लेकराला पुरतात, त्याला दहावा नाही, तेरावा नाही. त्यांच्यातही त्याच्यासाठी लोक जमले नाहीत. दोन्हीकडं एकच रीत, लवकर विसरायची.

गटप्रवर्तक बाईंना, म्हणजे आमच्या वरच्या ताईंना, मी फोन केला. त्या म्हणाल्या, "अरेरे. बरं, मृत्यूचा फॉर्म भरून दे, आणि रजिस्टरात त्या नावापुढच्या भेटींवर रेघ मार. बाळ नाही म्हटल्यावर भेट कसली?"

मी रेघ मारली. आणि चौदाव्या दिवशी तरीही गेले.

का गेले, ते मी त्या वेळी स्वतःलाही नीट सांगत नव्हते. पोरीची दया येते म्हणून, असं म्हणत होते. आफरीन तापानं फणफणली होती. छाती दगडासारखी झालेली. चाचीनं घट्ट फडकं बांधलं होतं, त्यानं दूध आणखीच कोंडलं होतं. मी फडकं सोडलं, गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, थोडं थोडं पिळून कसं काढायचं ते दाखवलं. ती मान खाली घालून करत होती. मग एकदाच म्हणाली, "हे कधी थांबणार ताई?"

"आठ-दहा दिवसांत कमी होईल."

"त्याला कळंना का, की तो न्हाई म्हणून?"

त्याला म्हणजे दुधाला. मी नुसती घडी बदलत राहिले.

गावात गोष्टी पसरायला किती वेळ लागतो? "लेकरू गेलं तरी वैजू तिकडं जाते. स्वतःच्या जातीची न्हाई, पातीची न्हाई. माणूस म्हणावं तर असं!" असं बायका पाणवठ्यावर बोलायला लागल्या. माझ्या नवऱ्यालाही कुणीतरी सांगितलं. तो जेवताना म्हणाला, "नाव काढलंस." मी भाकरी आणायच्या निमित्तानं उठले.

एकविसाव्या दिवशी चहा झाला. चाचीनं कप माझ्या हातात दिला आणि सुनेकडं न बघता बोलायला लागली.

"हिला सांगायला काय झालं होतं, तूच सांग वैजू. लेकरू पीत न्हवतं. पाच दिवस पीत न्हवतं! डाक्तर म्हणला, दोन दिवस आधी आणलं असतं तर बघता आलं असतं. आता आई हाय ना ही? तोंड शिवलं होतं का हिचं?"

"चाची, राहू दे की."

"का राहू दे? माझा सिकंदर जेवत न्हाई. मोटारीच्या दुकानात दिवसभर तारा गुंडाळत बसतो, घरात पाय ठेवू वाटत न्हाई त्याला. तो पण हेच म्हणतो, एका शब्दानं सांगितलं असतंस तर. मी मुनाफला, हिच्या भावाला निरोप दिलाय. चाळीस दिवसांचं न्हाण झालं की घेऊन जा म्हणलं. पुढचं पुढं बघू."

पुढचं पुढं म्हणजे काय, ते तिघींनाही ठाऊक होतं. आई नसलेल्या पोरीनं भावजयीच्या दारात जाऊन राहायचं, कपाळावर लेकरू मारल्याचा शिक्का घेऊन.

आफरीन भिंतीकडं बघत म्हणाली, "मी सांगितलं होतं वाटतं."

"कुणाला?" चाचीनं विचारलं. आवाज एकदम बारीक झाला तिचा.

"आठवत न्हाई."

आणि तिनं हळूच माझ्याकडं पाहिलं. आरोप नव्हता त्या बघण्यात. अंधारात हात पुढं करून माणूस भिंत चाचपतं, तसं होतं ते. मी कप तोंडाला लावला. चहा संपला होता तरी पीत राहिले.

आता सांगतेच. तिनं मलाच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी, त्याच खाटेवर. "ताई, हा ओढतच न्हाई ओ. लावलं की नुसता झोपतो." असं ती म्हणाली होती. आणि मी, सहा वर्षांची अनुभवी, हसून म्हणाले होते, "अगं, पहिलटकरणीचं असंच असतं. घाबरू नकोस."

अठ्ठाविसाव्या दिवशी चाची बाजारला गेलेली. आफरीननं स्वतःहून दार लावलं आणि माझ्यासमोर खाली बसली. मोकळे केस, डोळे खोल गेलेले.

"ताई, एक विचारू? माझं डोकं फिरलंय का?"

"असं का म्हणतेस?"

"मला सारखं वाटतं, मी सांगितलं होतं. माझा आवाज माझ्या कानात येतो. पण अम्मी म्हणतात मला न्हाई सांगितलंस, हे म्हणतात मला न्हाई. मग कुणाला सांगितलं मी? भिंतीला? का नंतर मनानंच रचलं, स्वतःला वाचवायला?" तिनं माझा हात धरला. "तुम्ही शिकलेल्या हाय. असं होतं का माणसाला?"

देवानं माझ्या हातात आणून ठेवलेली वेळ होती ती. घरात कुणी नव्हतं. दोन वाक्यं बोलायची होती. आणि मला काय काय दिसलं सांगू? सिकंदर अंगणात उभा राहून माझ्या नावानं ओरडतोय. काम गेलंय. माझी लेक कॉलेजात जाते तिला पोरी विचारतायत. पाणवठ्यावर बायका माझ्याकडं पाठ करून उभ्या आहेत.

"आठवायचा ताण घेऊ नकोस बाळा," मी म्हणाले. "झालं गेलं."

बाळा म्हणाले मी तिला! जीभ झडली नाही माझी.

तिनं हात सोडला. "बरं," म्हणाली. मग उठून तिनं माझ्यासाठी पाण्याचा तांब्या भरून आणला, कारण मी निघाले होते आणि पाहुण्याला पाणी न देता कसं पाठवायचं. हे मला अजून जाळतं.

त्याच महिन्यात आरोग्य केंद्रात आमची मासिक सभा झाली. डॉक्टर मॅडमच्या कानावर पाणवठ्यावरची गोष्ट गेली होती. त्यांनी मला पुढं बोलावलं. "या वैजयंताताई कुंभार. रजिस्टरात रेघ मारल्यावरसुद्धा त्या घरी जात राहिल्या. बाळ गेलेल्या आईजवळ कसं बसायचं, हे यांच्याकडून शिका." चाळीस बायकांनी टाळ्या वाजवल्या. एक नवी पोरगी डोळे पुसत होती.

मी जागेवर आले, पण तिथं बसवलं नाही. बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं. टाळ्यांचा आवाज कानातून जाईना. त्या आवाजाखाली एक पोरगी वेडी होत चालली होती, आणि ती वेडी नाही हे ठाऊक असलेलं माणूस सगळ्या जगात एकच होतं, असं मला तेव्हा वाटत होतं.

बेचाळिसाव्या दिवशी सकाळी मी मुलाण्यांच्या घरी गेले. हातात काही नव्हतं. अंगणात मुनाफची जीप उभी, तो टपावर पेटी बांधत होता. आफरीन न्हाऊन, ओढणी घेऊन दाराशी बसलेली. सिकंदर लिंबाखाली पाठमोरा उभा. चाची एका पिशवीत तिचे कपडे भरत होती, घडी न करता, कोंबून.

"आलीस? बरं झालं," चाची म्हणाली. "समजावून सांग हिला दोन शब्द. सकाळपासून घास खाल्ला न्हाई."

मी उंबऱ्यात उभी राहिले. बसायचं धाडस झालं नाही.

"आफरीन," म्हटलं, "तू सांगितलं होतंस."

तिनं वर पाहिलं.

"मला सांगितलंस. तिसऱ्या दिवशी. हा ओढत नाही, नुसता झोपतो, असं म्हणालीस. मी म्हणाले, असंच असतं. त्या दिवशी मला लेकराचा श्वास मोजायचा होता. घड्याळ लावून पुरा एक मिनिट मोजायचा, असा नियमच आहे. मी मोजला नाही. मनानं आकडा लिहिला. तुझं डोकं फिरलेलं नाही. तू आईसारखीच वागलीस. चुकले ती मी, आणि बेचाळीस दिवस तुझ्या घरी चहा पिऊन गप्प बसले तीही मीच."

सिकंदर वळला. टपावर मुनाफचा हात थांबला.

आफरीन उठली. माझ्यापाशी आली. मला वाटलं रडेल. तिनं मला मारलं. आधी गालावर, मग छातीवर, दोन्ही मुठींनी. मारताना ती एकच बोलत होती, "मी सांगितलं होतं. मी सांगितलं होतं. मी सांगितलं होतं." आवाज चढत चढत असा झाला की गल्लीतली दारं उघडली. पारूकाकीसुद्धा कोपऱ्यावर येऊन उभी राहिली. मी हात वर केले नाहीत. मारू दे, म्हटलं. तेवढंच देण्यासारखं होतं माझ्याकडं.

सिकंदर धावत आला. बायकोला धरायला की मला मारायला, कोण जाणे. पण त्याच्या आधी चाची मध्ये आली.

चाचीनं मला धरलं नाही, शिवी दिली नाही. ती खाली जमिनीवर बसली, कपड्यांच्या पिशवीवरच. आणि म्हणाली, "मला बी सांगितलं होतं हिनं."

कुणालाच कळेना ती काय बोलतेय.

"चौथ्या दिवशी. म्हणाली, अम्मी, दूध घेत न्हाई, दवाखान्यात नेऊ या का. मी म्हटलं, बाळंतिणीनं घराबाहेर पडायचं न्हाई. सहा पोरं काढलीत मी, मला शिकवू नकोस." चाचीनं डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला. "वैजूला काय मारतीस? ती परकी. मी तर घरातली. रोज तुला इचारत होते, सांगितलं का न्हाईस, सांगितलं का न्हाईस. तुझं तोंड बघवत न्हवतं म्हणून गाडी बोलावली मी."

मीही हादरले. म्हणजे एकवीस दिवसांपूर्वी तिचा आवाज बारीक झाला होता तो यासाठी. दोघी एकाच खोलीत चहा पीत होतो, दोघींच्या पोटात एकच गोष्ट, आणि मध्ये ती पोरगी भिंत चाचपत होती.

सिकंदर आईकडं बघत राहिला, मग बायकोकडं. मग तोही मटकन खाली बसला आणि माणसांसमोर मोठ्यानं रडला. "मला एकदा विचारू वाटलं न्हाई गं तुला," म्हणाला. "कसा हाय तो, पितोय का, एकदाबी न्हाई."

आफरीन मधोमध उभी होती. बेचाळीस दिवसांत ती पहिल्यांदा रडली. त्या रडण्याला आवाज कसला होता म्हणून सांगू. गल्लीतल्या बायका आत आल्या. त्यांच्यातल्या आणि आमच्यातल्या. कुणी फूल म्हणालं नाही, कुणी देवाला आवडलं म्हणालं नाही. बसल्या. दुपारपर्यंत बसल्या. पारूकाकीनं स्वतःचं चाळीस वर्षांपूर्वीचं एक गेलेलं लेकरू आठवून सांगितलं, जे तिच्या नवऱ्यालाही आठवत नव्हतं.

मुनाफ उन्हं कलेपर्यंत थांबला. मग त्यानं पेटी खाली उतरवली आणि जीप घेऊन एकटाच गेला.

मी निघाले तेव्हा आफरीन दारापर्यंत आली. डोळे सुजलेले होते, पण नजर जागेवर आली होती.

"ताई, सांगितलंत ते बरं केलं," ती म्हणाली. "आता या घरात येऊ नका."

"नाही येत," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर मॅडमना सगळं लिहून दिलं. त्यांनी झापलं, लेखी समज दिली. काम गेलं नाही. जाताना म्हणाल्या, "तसंही ते मूल वाचलं असतंच असं नाही." मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असतील. वाटलं नाही.

याला बारा वर्षं झाली. त्या घरी मी पुन्हा गेले नाही. तिला दोन मुली झाल्या, त्यांच्या भेटी शेजारच्या वस्तीवरच्या आशेनं केल्या. बाजारात गाठ पडली तर आफरीन मान हलवते, मीही हलवते. तेवढंच.

पण गावात कुणाचं लेकरू गेलं, की माझ्या आधी तिथं सासू-सून पोचतात. कुंभारवाडा असो, धनगरांची वस्ती असो, बौद्धवाडा असो. चाचीला आता काठीशिवाय चालवत नाही, तरी जाते. सुरुवातीला लोक बावरले, या कशाला आल्या म्हणाले. आता वाट बघतात. पारूकाकी होती तोवर तीही त्यांच्याबरोबर जायची. त्या काही समजावत नाहीत, धीर देत नाहीत. बाकीच्यांना बाहेर काढतात, त्या आईजवळ बसतात आणि आफरीन एवढंच विचारते, "तू काय सांगितलं होतंस, आणि कुणी ऐकलं न्हाई?"

मग आतून बोलणं सुरू होतं. कधी रडणं, कधी शिव्या. तास जातो, दोन तास जातात. मी फॉर्म हातात घेऊन अंगणात थांबलेली असते. आत जायला मला मनाई नाही, पण जाववत नाही. भिंतीला टेकून मी कान देऊन ऐकते, आणि ती आई न ऐकणाऱ्याचं नाव घ्यायला लागली की दर वेळी माझा श्वास अडकतो.